पुळण कुठल्याच नकाशात नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या पेपरात कासवाच्या पिल्लांचा फोटो येतो, टोपली उलटी केलेली, बाजूला पन्नास माणसं मोबाईल धरून उभी, आणि खाली बातमी की यंदा कोकणात इतकी इतकी घरटी सापडली. मी ती बातमी दरवर्षी कापून ठेवतो. आनंदच होतो बघून. एकेकाळी आमच्याकडे कासवाची अंडी सापडली की लोक घरी न्यायचे, बाजारात विकायचे, आणि बाकीची कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटात जायची, तिथून वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने काम सुरू केलं आणि आज वेळास, आंजर्ले, गुहागर करत पार सिंधुदुर्गापर्यंत गावोगाव कासवमित्र आहेत, थंडीत पहाटे उठून किनारा चालतात, हे काही लहान काम नाही.

पण त्या बातमीत एक गोष्ट कधीच नसते आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितोय. घरटी किती ते असतं, कुठे ते नसतं. कुठे म्हणजे गावाचं नाव नव्हे, ते असतं. कुठे म्हणजे पुळणीवर, किनाऱ्यावरच्या वाळूवर, नेमकं कुठे, खाडीच्या मुखापासून किती अंतरावर, भरतीच्या रेषेपासून किती वर, मागे सुरूचं बन आहे की वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आहे की कुणाची भिंत आहे.

मी आयुष्यभर जमीन मोजली. भूकरमापक होतो, साखळी आणि प्लेन टेबलपासून सुरुवात करून ईटीएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या मोजणीच्या मशीनवर रिटायर झालो. त्यामुळे नकाशा हा कागद काय करू शकतो ते मला माहीत आहे. दोन भाऊ वर्षानुवर्षं बांधावरून भांडतात आणि शेवटी टिपणातली, म्हणजे जुन्या मोजणीच्या कागदातली, एक रेघ निकाल लावते. नकाशावर जे आहे त्याला कायद्यात बोलता येतं, जे नाही ते बिचारं जमिनीवर कितीही असलं तरी फाईलीत नसतं. मोजणी लागली की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, ते हजर राहतात, हरकत घेतात. पुळणीला लगतचा खातेदार कोण? एका बाजूला माडाच्या वाडीवाला आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र.

हे मी उगाच म्हणत नाही, गावनकाशा उघडून बघा कुठल्याही किनाऱ्यावरच्या गावाचा. गट नंबर वाडीच्या कुंपणाला संपतात, मग एक वाकडीतिकडी रेघ आणि पलीकडे लिहिलेलं ‘अरबी समुद्र’. पुळण त्या रेघेच्या जाडीत गेली. आणि समुद्राचे नकाशे डेहराडूनचं हायड्रोग्राफिक ऑफिस बनवतं ते बोटींसाठी, त्यांना पाण्याची खोली हवी, खडक कुठे आहेत ते हवं, कोरड्या वाळूशी त्यांचं काय काम. म्हणजे जमिनीचा नकाशा जिथे थांबतो आणि समुद्राचा जिथे सुरू होतो त्यांच्या मधे जी पन्नास-साठ पावलांची पट्टी आहे ती कुणाचीच नाही, आणि ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारं समुद्री कासव, त्याची मादी बरोब्बर त्याच पट्टीत येते.

आता कुणी म्हणेल की सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नकाशे आहेत ना. आहेत. २०११ च्या अधिसूचनेतही आणि २०१९ च्या अधिसूचनेतही कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा, वाळूच्या टेकड्या, तिवरं, प्रवाळ, पक्ष्यांच्या विणीच्या जागा हे सगळं सीआरझेड एक-अ मधे आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात. कायदा चांगला आहे, माझी कायद्याबद्दल तक्रार नाही. पण कायदा लागू होतो तो नकाशावर दाखवलेल्या जागेला, आणि जिल्ह्याचा किनारा आराखडा असतो १:२५,००० च्या मापावर. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवर २५ मीटर. आमच्याकडची कोरडी पुळण भरतीच्या रेषेपासून वेलीपर्यंत कुठे तीस मीटर, कुठे चाळीस, म्हणजे कागदावर दीड मिलिमीटर, पेन्सिलला जरा टोक नसलं तर संपली. गावपातळीवर १:४,००० चे नकाशे करायची तरतूद आहे, तिथे एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर, तिथे पुळण दिसते, टेकडी दिसते, वेल दिसते. खरा उपयोगाचा नकाशा तो आहे आणि तो मराठीत, गावाच्या ओळखीच्या खुणांसकट, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला मी तरी अजून पाहिला नाही.

मापाने काय फरक पडतो त्याचं एक उदाहरण देतो. आम्ही शाळेत शिकलो महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, सरकारी आकडेवारीत होता ६५२.६. आता केंद्र सरकारने नव्याने काढला तर ८७७.९७ किलोमीटर निघाला. भारताचा ७,५१६ वरून ११,०९८ वर गेला. कुठून नवीन जमीन नाही आली, जुनं मोजमाप फार ढोबळ मापावर होतं, नवीन जास्त बारीक मापावर, खाड्यांची वळणं, आखातं, खाचाखोचा सगळ्या धरल्या गेल्या. नुसतं जवळून बघितलं तर सव्वादोनशे किलोमीटर किनारा सापडला, मग कासवाच्या जागा आणि पाणमांजरांच्या बिळांच्या जागा किती सापडतील विचार करा.

माझ्या गावचं सांगतो, नाव देत नाही कारण भांडण लावायचं नाहीये. पुळण साधारण तीन किलोमीटर. दक्षिणेच्या टोकाला रस्ता येतो, देऊळ आहे, हातपंप आहे, म्हणून हॅचरी, म्हणजे अंडी पुरून राखायची जागा, तिथे. उत्तरेला खाडीचं मुख, तिकडे वस्ती नाही, केवड्याचं बन, वाळू आणि मागे माडाच्या वाड्या. तिथे दोन-तीन वर्षांत धूप वाढली, माड पडले, म्हणून लोकांनी धूपप्रतिबंधक बंधारा मागितला. मागणी चुकीची नाही, ज्याची वाडी समुद्रात जाते त्याचं दुःख मला कळतं, माझे स्वतःचे चार माड गेलेत. मी फक्त कागद बघायला गेलो एका कार्यालयात, तर तिथल्या साहेबांनी नकाशा पुढे केला आणि म्हणाले काका, कासवाची खूण दक्षिणेला आहे, उत्तरेला नोंद नाही, त्यामुळे अडचण येणार नाही. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या कागदावर तसंच होतं.

पण मी गेली काही वर्षं कासवमित्राबरोबर पहाटे चालतो आणि मला माहीत आहे की जास्त घरटी उत्तरेच्या अर्ध्या भागात होतात. तिथे अंधार आहे, माणूस नाही, मादीला तेच हवं असतं. मग नकाशावर खूण दक्षिणेला कशी? तर आपली पद्धत अशी की माग दिसला, काठीने वाळू चाचपून घरटं सापडलं की अंडी अलगद काढायची, थोडी तिथलीच वाळू बरोबर घ्यायची आणि हॅचरीत सुरईसारखा खड्डा करून पुन्हा पुरायची. हे करावंच लागतं, नाहीतर दोन दिवसात कोल्हे उकरतात. पण रजिस्टरला नोंद होते ती तारीख, अंडी किती, खड्डा नंबर किती आणि गावाचं नाव. मूळ घरटं कुठे होतं तो रकानाच नाही. पुढे कुणी नकाशा करायला बसलं की त्याला हॅचरी दिसते, तो तिथे खूण करतो आणि निघून जातो. म्हणजे आम्ही अंडी वाचवली आणि जागा हरवली. ज्या वाळूवर मादी आली ती वाळू कागदावर रिकामी राहिली आणि जिथे ती कधी फिरकत नाही त्या देवळासमोरच्या तुकड्याला संरक्षण मिळालं.

हे फक्त माझ्या गावात असेल असं मला वाटत नाही. जिथे कासवमित्र आहे तिथे नोंद होते, जिथे नाही तिथे शून्य लागतं. त्या शून्याचा अर्थ ‘कुणी बघितलं नाही’ असा असतो पण वाचताना तो ‘इथे कासव येत नाही’ असाच वाचला जातो. आम्हा मोजणीवाल्यांमधे हा फरक पहिल्या वर्षी शिकवतात, न मोजलेली जमीन आणि पडीक जमीन एक नाही. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं काम चालू आहे, जेट्ट्या होतायत, बंधारे होतायत, गावागावात किनारा सुशोभीकरण म्हणून पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे लागतायत, आणि या प्रत्येक फाईलीत कुणीतरी नकाशा उघडून बघतो की इथे काही आहे का.

हायमास्टचं तर वेगळं सांगायला हवं. पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे उजेड तिकडे पळतं, हजारो वर्षं रात्रीचा उजेड समुद्राच्या बाजूलाच असायचा म्हणून. मागे दिवा लावला की ते मागे चालायला लागतं, रस्त्यावर, गटारात. आणि मादी तर उजेड आणि माणसं बघून वरच येत नाही, किंवा येते, थोडं फिरते आणि अंडी न घालता वळून जाते. तो मागही पुळणीवर उमटतो, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा, मधे घरटं नाही. कासवमित्र बघतो आणि पुढे जातो, कारण मोजायचं काय? मला वाटतं मोजायचं तेच. ती जागा तिने पसंत केली होती आणि आपण काहीतरी केलं म्हणून ती परत गेली, ही नोंद घरट्याच्या नोंदीइतकीच मोलाची आहे, आणि एका रेघेत लिहून होते.

सॅटेलाईटने सगळं दिसतं असाही एक समज आहे. तिवरं दिसतात, चिखलाची पट्टी दिसते, तिवरांचे नकाशे त्यामुळेच बरे झालेत. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला, पक्षी तिथे दिवसाढवळ्या हजारोंनी दिसतात, त्यांना नाकारणं अवघड आहे. पण कासवाची मादी येते रात्री, तास-दीड तासात अंडी घालून जाते, राहतो तो फक्त माग, डावा-उजवा असा आळीपाळीने पडलेला, छोट्या ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा, आणि तो पुढच्या भरतीला किंवा सकाळच्या वाऱ्याला पुसला जातो. तो बघायला माणूसच पहाटे चालला पाहिजे.

पाण्यातल्या प्रवासासाठी मात्र सॅटेलाईटचा उपयोग झाला. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कांदळवन प्रतिष्ठान आणि वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटने कोकणातल्या पाच माद्यांना ट्रान्समीटर लावले, पहिली वेळासची, तिचं नाव प्रथमा. २०२३ ला गुहागरहून बागेश्री आणि गुहा सोडल्या, त्यातली बागेश्री केरळ, कन्याकुमारी करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि उलट दिशेचं सांगायचं तर २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आतापर्यंत आम्ही समजत होतो की पूर्वेची कासवं वेगळी आणि आपली वेगळी. आता कळतं की गुहागरची वाळू आणि ओडिशाचा किनारा हे एकाच जनावराचं घर आहे, मग तो नकाशा एका तालुक्याचा राहतो का?

समुद्रातल्या जागांबद्दल अजून एक. २०१८ पासून आपल्याकडे योजना आहे की जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडला तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, फोटो-व्हिडिओ द्यायचा. ही योजना मला फार आवडते कारण ती मच्छीमाराला चोर समजत नाही. आणि त्यातून दर अर्जाबरोबर एक तारीख, एक बोट, एक जागा आणि एक फोटो सरकारकडे जमा होतो, कुठे ऑलिव्ह रिडले, कुठे हिरवं कासव, कुठे व्हेल शार्क. हा केवढा मोठा खजिना आहे, पैसे देण्यासाठी जमा झालेला कागद तोच नकाशासाठीही वापरता येतो, फक्त अर्जात अक्षांश-रेखांश सक्तीचे करा, आज प्रत्येक ट्रॉलरवर जीपीएस आहे. रापणवाल्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, म्हाताऱ्यांना विचारा, कुठल्या खडकाजवळ डॉल्फिन पिल्लांसकट असतात ते महिन्यासकट सांगतील. त्यांना कधी कुणी नकाशा पुढे ठेवून विचारलंय का?

पुळण एका जागी राहत नाही हाही मुद्दा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा एका दिवसात किनारे बदलले, सुरूची बनं आडवी झाली, वाळू इथली तिथे गेली. खाडीचं मुख तर दर पावसाळ्यात थोडं सरकतंच. शेताची मोजणी पन्नास वर्षं चालते, पुळणीची पाच वर्षंही चालणार नाही. म्हणून नकाशावर ठिपका नको, पट्टा हवा, आज जिथे वाळू आहे ती आणि उद्या जिथे सरकेल ती मागची जागासुद्धा. मागे भिंत बांधली की पुळणीला सरकायला जागाच नाही, भरती थेट भिंतीला, आणि मादी वर येऊन दगडावर थडकते. दगडी बंधाऱ्यासमोर मादी थांबलेली मी एकदा स्वतः पाहिली आहे. बराच वेळ होती. मग गेली. सुरूचंही तसंच, वाऱ्याला आडोसा म्हणून लावले, हेतू चांगला, पण अगदी भरतीरेषेजवळ लावले तर मुळांच्या जाळीत तिला खणता येत नाही, मर्यादवेल मरते आणि वाळू मोकळी होते. हे सगळं नकाशावर रंगाने दाखवता येतं, अवघड काही नाही.

गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या जागा कासवांसाठी राखलेल्या आहेत आणि तिथेही २०२१ साली किनारा आराखड्याच्या सुनावण्यांवरून केवढा गदारोळ झाला, लोक नकाशे घेऊन उभे राहिले की आमच्या वाळूच्या टेकड्या कुठे आहेत यात. मला ते लोक आवडले. आमच्याकडे सुनावणी झाली तर हजेरी किती असते? आणि नकाशा इंग्रजीत, संगणकावर, त्यावर गावाच्या ओळखीचं एकही नाव नाही, मग माणूस हरकत तरी कशावर घेणार.

मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे तर २०१९ च्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहेत, सुंदरबन, भितरकनिकाच्या बरोबरीने. तिथला आराखडा स्थानिक लोकांना, मच्छीमारांना बरोबर घेऊन करायचा असं त्यात आहे. तर निदान तिथून सुरुवात करा. मला जे हवंय ते फार खर्चाचं नाही. हॅचरीच्या रजिस्टरला एक रकाना वाढवा, मूळ घरट्याचे अक्षांश-रेखांश, भरतीरेषेपासून पावलं किती आणि मागे काय आहे. ज्या गावात कासवमित्र नाही तिथे नोव्हेंबर ते मार्च एक हंगाम तरी कुणाला तरी मानधन देऊन चालायला लावा, आणि जिथे कुणी चाललंच नाही तो किनारा नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा, रिकामा सोडू नका. आणि कासवमित्रांचं मानधन वेळेवर द्या हो, हंगाम संपून पावसाळा आला तरी पोरं वाट बघत असतात, त्यांच्या पायावर हा सगळा नकाशा उभा राहणार आहे.

एक भीती मलाही आहे. चालू हंगामात आज रात्रीचं घरटं कुठे आहे हे जाहीर केलं तर अंडी चोरणारे अजून संपलेले नाहीत, आणि हौशी फोटोवाले तर त्याहून जास्त. त्यामुळे रोजची नोंद वनखात्याकडेच राहू दे, पावसाळ्यात पूर्ण हंगामाचा नकाशा एकत्र करून ग्रामसभेत ठेवा. तेव्हा जाहीर झाल्याने कुणाचं नुकसान नाही.

बंधाऱ्याची फाईल अजून चालू आहे. मी गेल्या दोन हंगामात जेवढी घरटी डोळ्याने पाहिली तेवढी सगळी लिहून ठेवली आहेत, फुलस्केप वहीत, खाडीच्या मुखाशी जुना हद्दीचा दगड आहे तो शून्य धरून टेपने अंतर आणि दिशा, जुन्या टिपणासारखंच, अंडी न घालता परत गेलेले मागसुद्धा. त्यावरून १:४,००० चा एक नकाशा हाताने काढलाय, त्याची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत दिली, एक वनपाल साहेबांना दिली, एक त्या कार्यालयात फाईलीला जोडायला दिली आणि पोच घेतली. शेजारच्या गावांतल्या कुणाला त्यांच्या पुळणीचा असा नकाशा करायचा असेल तर मी येईन, टेप आणि कंपास माझा आहे, बरोबर पहाटे साडेचारला उठणारं एक माणूस लागेल. यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या अमावास्येनंतर मी पुन्हा उत्तरेच्या टोकाकडून चालायला सुरुवात करतोय.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, गुहागर तालुका, जि. रत्नागिरी